बंगला हलतोय

तीर्थरूप मामांस,

तुमच्या दुकानाच्या पायरीवर डोकं टेकून नमस्कार. (पायरी अजून जागेवर आहे असं धरून चाललोय. नसेल तर जिथे होती तिथे हवेत टेकलं असं समजा.) मी इथे धडधाकट आहे. तुमचा गुडघा, मामीची कंबर आणि मशीनचा पट्टा या तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. तिघांनाही तेल लागतं, तेवढं वेळच्या वेळी घालत जा.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुम्ही ‘हं’च्या पुढे जात नाही. मी इकडून घसा फोडून बोलतो, तिकडून मशीनची घरघर ऐकू येते, मध्येच तुम्ही ‘हं’ म्हणता, आणि तो ‘हं’ मला होता की गिऱ्हाइकाच्या ढेरीला, हे मला शेवटपर्यंत कळत नाही. पत्राचं तसं नाही. पत्र मामी मोठ्याने वाचणार, तुम्ही मशीनवर बसून ऐकणार, आणि हातातली शिवण अर्धी टाकून उठायची तुमची रीत नाही. म्हणजे सापडलात.

तर मागच्या खेपेला मामीने तुमच्या हातून फोन ओढून घेऊन जे सांगितलं, ते ऐकून मी थेट कागद विकत आणला. म्हणे तुम्ही दुकानाची पायरी फोडून पुढची सगळी बाजू काचेची करणार. म्हणे खिडकीजवळचं मशीन (ज्याला तुम्ही ‘जुनं’ म्हणता आणि मी ‘माझं’ म्हणतो) माळ्यावर टाकून तिथे पुतळा उभा करणार. आणि समोर काचेचं कपड्यांचं दुकान थाटून बसलेल्या काचवाल्यांच्या पुतळ्यांना मुंडकी नाहीत, म्हणून तुमचा पुतळा मुंडक्यासकट येणार! कारागीर येऊन माप घेऊन गेलासुद्धा म्हणे. मामा, या विषयावर मला बोलायचंच आहे, पण शेवटी. आधी माझी हकीगत ऐका. शेवट आधी सांगितला तर तुम्ही मामीला ‘पुरे’ म्हणाल, आणि मग मी एवढी शाई कशाला घातली?

तुम्ही मला हाकललंत तेव्हा (तुम्ही म्हणता मी पळालो, आपण दोघांच्या मधलं धरू) तुम्ही म्हणाला होतात, ‘तुझ्या पायाला भिंगरी आहे, तू उभ्या जन्मात एका जागी उभा राहायचा नाहीस.’ तर आनंदाची बातमी. मला इथे एका जागी उभं राहण्याचाच पगार मिळतो. दुसरं काही करायचं नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं तर आधी विचारायचं. हे काम माझ्याच गळ्यात पडावं, यात देवाने माझी थट्टा केली की तुमची, ते तुम्ही ठरवा.

त्याआधी मी बरेच धंदे करून पाहिले. एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायला होतो. लिफ्ट वरखाली जायची, मी मात्र आतल्या आत जागच्या जागी. कंटाळून एकदा सगळ्यात वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबवून गच्चीवरून गाव बघायला गेलो. फार छान दिसतं. खाली माणसं दाराशी ताटकळत होती, त्यांत इमारतीचा मालकही होता, हे तेवढ्या उंचीवरून दिसलं नाही. मग कपडे धुण्याच्या कारखान्यात गेलो, तिथे वाफेने माझा जीव घुसमटला, आणि माझ्या गाण्याने मुकादमाचा. शेवटी एका सुताराच्या हाताखाली फळ्या वाहायला लागलो, आणि त्या फळ्या निघाल्या सिनेमाच्या. म्हणजे सिनेमातली घरं त्या फळ्यांची असतात. मी फळी खांद्यावर घेऊन चाललो होतो, तेवढ्यात सिनेमा काढणाऱ्या बाई (त्यांना सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणतात, आणि म्हणताना पोट आत घेतात) ओरडल्या, ‘थांब!’ मी थांबलो. त्यांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, हिरोचा कोट मागवून माझ्या अंगात घातला आणि म्हणाल्या, ‘खांदे तेच, उंची तीच. याला घ्या.’ (कोटाची डावी बाही खांद्यात फिरून वाकडी बसलेली होती मामा. मी सांगितलं. कोणी ऐकलं नाही. अर्धा सिनेमा ती तशीच फिरलेली राहिली, आणि आता पडद्यावर सगळ्या दुनियेला दिसणार.)

काम असं असतं. सिनेमाचे हिरोसाहेब मोठे नट आहेत. दिवेवाला दिवे लावत असताना त्यांनी तासन्‌तास उभं राहायचं म्हणजे ते दमणार, घामाने त्यांचा रंग ओघळणार. म्हणून त्यांच्या उंचीचा एक बिनमहत्त्वाचा माणूस त्यांच्या जागी उभा करतात. उजेड त्याच्या नाकावर नीट बसला, की तो माणूस बाजूला होतो आणि खरं नाक येऊन उभं राहतं. तो बिनमहत्त्वाचा माणूस म्हणजे तुमचा भाचा. तुम्ही मापासाठी पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवता ना, कपडा वाया जाऊ नये म्हणून, तसा मी पुठ्ठा.

आता सिनेमाची गोष्ट ऐका. पन्नाशीला टेकलेला एक माणूस. कचेरीत नोकरी, केस विरळ, पोट दाट. शाळेत याच्याच बाकावर बसणारा, याचंच बघून लिहिणारा दोस्त पुढे मोठा होतो आणि नेमका याच्या घरासमोर तीन मजली बंगला बांधतो. मग या माणसाला जेवण गोड लागत नाही, बायकोशी धड बोलणं नाही, कचेरीतून आला की खिडकीत उभा राहतो आणि बंगल्याकडे बघत मनात म्हणतो, आपलं कुठे चुकलं? झाली गोष्ट. मारामारी नाही, कोणी कोणाला पळवून नेत नाही. मी दिवेवाल्याला विचारलं, अहो, हे बघायला येणार कोण? तो म्हणाला, ‘पन्नाशीचे सगळे येतील. बायकोला न सांगता एकेकटे येतील.’

(मामी, इथे जरा थांब आणि मामांकडे बघ. बघितलंस? आता पुढे वाच.)

मला आधी वाटलं होतं, गरिबाचं घर एकीकडे असेल आणि बंगला दुसरीकडे. छे! घर एकच. आम्ही सुतार लोकांनी उभ्या केलेल्या त्याच तीन भिंती. चौथी नसतेच, तिथून कॅमेरा बघतो. आठवड्याच्या सुरुवातीला त्यांना मळका पिवळा रंग, भिंतीवर फाटकं कॅलेंडर, झालं गरिबाचं घर. मग त्याच भिंतींवर पांढरा रंग, जाड पडदे, कोपऱ्यात कुंडी, झाला बंगला. मागून बघाल तर दोन्हीकडे त्याच फळ्या, तेच खिळे, आणि मी पेन्सिलने लिहिलेलं तेच ‘ही बाजू वर’. हिरोसाहेब ज्याच्याकडे बघून जळतात, तो बंगला म्हणजे त्यांचंच घर, रंग वाळल्यावर. हे मी बाईंना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, ‘तू विचार करू नकोस, तू उभा राहा.’

आणि इथेच माझं नशीब फिरलं. खिडकीतून बंगल्याकडे बघायचा प्रसंग आला. आता घर आहे तेव्हा बंगला नाही, आणि बंगला आहे तेव्हा घर नाही. मग हिरोसाहेबांनी बघायचं कशाकडे? नुसतं हवेत बघितलं की डोळे भरकटतात म्हणे. म्हणून खिडकीच्या समोर, बंगला जिथे असायला हवा तिथे, काहीतरी उभं करायचं ठरलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

मामा, तुम्ही दुकानाच्या पायरीवर गप्पा ठोकत बसणाऱ्या मंडळींसमोर नेहमी म्हणता, ‘हा आयुष्यात काही होणार नाही.’ तर लिहून ठेवा, मी तीन मजली बंगला झालो.

बंगला होणं सोपं नाही. मला एका उलट्या खोक्यावर उभं केलं. माझं कपाळ म्हणजे वरचा मजला, छाती म्हणजे सज्जा, आणि गुडघ्यांच्या आसपास फाटक. हिरोसाहेबांनी खिडकीतून माझ्या कपाळापासून गुडघ्यापर्यंत हळूहळू नजर उतरवायची आणि त्या नजरेत सगळ्या आयुष्याचं दुखणं यायला हवं. त्यांनी सुरुवात केली. माझ्या नाकावर माशी बसली. मी बंगला असल्यामुळे हात वर करणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी फक्त नाक हलवलं. बाई ओरडल्या, ‘बंगला हलतोय!’ पुन्हा सुरुवात. मग माझ्या पोटरीला मुंग्या आल्या. ‘बंगला हलतोय!’ मग मला सज्ज्याच्या जागी खाज सुटली. तेव्हापासून या आवारात माझं नाव ‘बंगला’ पडलंय. ‘ए बंगला, दोरी धर.’ ‘बंगला जेवला का?’ असं चालतं.

पण खरी अडचण माझी नव्हती. हिरोसाहेबांना जळताच येईना. ते नाकपुड्या फुगवायचे, दात खायचे, डोळे असे लाल करायचे की बंगला जाळायला निघालेत असं वाटावं. बाई म्हणायच्या, ‘राग नको, हेवा हवा.’ ते म्हणायचे, ‘हेवाच करतोय.’ बाई म्हणायच्या, ‘पोट दुखल्यासारखं दिसतंय.’ शेवटी मी न राहवून खोक्यावरूनच म्हणालो, ‘साहेब, असं कोणी जळत नाही. आमच्या मामांना बघा.’

सगळे माझ्याकडे वळले. बंगला बोलल्यावर दुसरं काय करणार?

आता चिडू नका. मी फक्त दाखवलं. तुम्ही काचवाल्यांच्या दुकानाकडे सरळ कधीच बघत नाही. आधी तुम्ही चष्मा काढता. तो मळलेला नसतो. शर्टाच्या टोकाने आधी एक काच पुसता, मग दुसरी, मग चष्मा उजेडात धरून डाग आहे का ते बघता. आणि तुमच्या दुकानात चारी बाजूंनी उजेड येत असला तरी तुम्हाला लागणारा उजेड नेमका समोरच्या काचेच्याच दिशेला असतो. त्या चष्म्याच्या आरपार तुम्ही तिकडे कोण गेलं, कोण आलं, कोणाच्या हातात पिशवी आहे, सगळं बघून घेता. मग चष्मा डोळ्यांवर चढवता आणि पायरीवरच्या मंडळींना म्हणता, ‘आज ऊन फार आहे.’ ढग आलेले असले तरी म्हणता.

हे मी हावभावासकट करून दाखवलं. दिवेवाला हसून हसून शिडीवरून घसरला. हिरोसाहेब म्हणाले, ‘यात काय अवघड?’ आणि चष्मा मागवला. पण त्यांनी तो असा काढला की जणू नवरीचा घुंगट उचलतायत, आणि असा पुसला की जणू शेवटचा पुसतायत. बाई म्हणाल्या, ‘नको, राहू दे, आधीचंच बरं.’ म्हणजे माझी विद्या पाण्यात गेली. तुमची तर गेलीच.

इथे तुम्हाला अजून एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. सिनेमात जो दोस्त बंगला बांधतो, त्याचं काम करणारे एक दुसरे नट आहेत. ते आणि हिरोसाहेब पूर्वी एकाच नाटक मंडळीत होते, एकाच पेटीतला रंग तोंडाला लावायचे. (तुम्ही आणि काचवाले एकाच मास्तरांच्या हाताखाली एकाच कात्रीने कापड कापायला शिकलात, तसं. मी काही सुचवत नाहीये, नुसतं समजावून सांगतोय.) पुढे हिरोसाहेब हिरो झाले, आणि हे राहिले दोस्त, दीर, डॉक्टर असल्या कामांत. सिनेमात श्रीमंत हे, बाहेर श्रीमंत ते. हिरोसाहेबांना बसायला खास गाडी आहे, आत गार हवा, आरसा एवढा मोठा की मी आत बादली ठेवायला गेलो तेव्हा मला समोरून मीच येताना दिसलो आणि मी वाट दिली. या दुसऱ्या साहेबांना साधी खुर्चीही नाही. ते उलट्या खोक्यावर बसतात, म्हणून आम्ही त्यांना खोकेसाहेब म्हणतो. आमच्यातच डबा खातात, दुसऱ्याच्या डब्यात हात घालतात, दिवेवाल्याच्या सासूची नक्कल करतात. आणि हिरोसाहेब गाडीत एकटे, दार लावून.

त्या दिवशी दुपारी पुन्हा तोच प्रसंग लागला. मी बंगला होऊन उभा. हिरोसाहेब खिडकीत. बाईंनी निक्षून सांगितलं होतं, ‘आज बंगला हलला तर पाडून टाकीन.’ मी श्वाससुद्धा मापात घेत होतो. पण बाई आणि कॅमेरावाला यांचं काहीतरी लांबलं. माझ्या मागे, सावलीत, मंडळींचा डबा सुटला होता. खोकेसाहेबांची नक्कल चालली होती, मागे हशा पिकत होता आणि मला काही दिसत नव्हतं. शिवाय चहाचा वास आला. मामा, मी खरं सांगतो, मी ठरवून काही केलं नाही. माझे पाय आपोआप खोक्यावरून उतरले. मला वाटलं, बाईंचं बोलणं संपायच्या आत एक घोट घेऊन परत येऊ. बंगला चहा प्यायला गेला.

आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘चला!’

मी कप तोंडाला लावून गोठलो. परत जावं तर कॅमेऱ्यासमोरून धावावं लागणार. खिडकीसमोर आता बंगला नव्हता. होतं ते रिकामं खोकं, आणि त्याच्या पलीकडे आमची सगळी पंगत. मध्ये खोकेसाहेब. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारत होतं, त्यांना ठसका लागला होता, आणि ठसक्यातही ते हसत होते. हिरोसाहेबांनी बंगला शोधायला नजर वर केली आणि ती तिथेच अडकली. दात खाल्ले नाहीत, नाकपुड्या फुगवल्या नाहीत. नुसते बघत राहिले. मग मान खाली घातली, चष्मा काढला (मघाशी मागवलेला तोच, नाकावर राहून गेलेला; मळलेला नव्हता), शर्टाच्या टोकाने एक काच पुसली, दुसरी पुसली, उजेडात धरली. अगदी तुम्हीच, मामा! मी चहा गिळायचा विसरलो. म्हटलं, हे इथे कसे?

बाई पुटपुटल्या, ‘झालं.’ मग जोरात म्हणाल्या, ‘झालं!’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी रिकाम्या खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘बंगला कुठे गेला?’ मला आधी सगळ्यांसमोर शिव्या पडल्या, मग बाजूला घेऊन शाबासकी, मग पुन्हा शिव्या, कारण शाबासकी मिळाल्यावर मी दुसरा कप घेतला होता.

दुसऱ्या दिवशी गंमत झाली. हिरोसाहेब डब्याच्या वेळी आपल्या गाडीतून उतरले, बगलेत गादीची घडीची खुर्ची, आणि आमच्याकडे आले. सगळे उठून उभे राहिले, हशा बंद. खोकेसाहेब तेवढे बसून. म्हणाले, ‘खुर्ची लावून बसलास तर तुझी ढोपरं आमच्या डोक्याला लागतील. खोकं घे.’ हिरोसाहेबांनी खोकं घेतलं, आणि बसताना कोटाचा खिसा खिळ्यात अडकून टर्रकन फाटला. पुढच्या तासात त्याच कोटात प्रसंग होता. कपड्यांचा माणूस बाजारात गेलेला. बाई डोक्याला हात लावून बसल्या. माझ्या कॉलरच्या मागे सुई असते (तुम्हीच सवय लावली, तीन वेळा टोचली तेव्हा लागली). मी म्हटलं, द्या इकडे. खोकेसाहेबांच्या पायाशी मांडी घालून बसलो आणि खिसा रफू करायला घेतला. एकदा खिसा हातात आला म्हणून ती डावी बाहीही उसवली आणि फिरवून सरळ केली. कोणाला विचारलं नाही. (मागचे प्रसंग वाकड्या बाहीत, पुढचे सरळ बाहीत. कोणी बारकाईने बघितलं तर सिनेमात मध्येच हिरोचं नशीब सुधारल्यासारखं वाटेल.)

काम संपलं तेव्हा मी मान वर केली, तर सगळे माझ्याकडे टकामका बघत होते. दिवेवाला म्हणाला, ‘बाई, बघितलंत का? आज बंगला हलला नाही.’

तेव्हा मला कळलं की मी बसल्यापासून ना उठलो, ना नाक हलवलं, ना चहाकडे बघितलं. माशी बसली असणार. मला आठवत नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. सिनेमा संपत आलाय. मग भिंती पाडतील आणि त्याच फळ्यांचं दुसऱ्या कोणाचं तरी घर होईल. बाई म्हणतात पुढच्या सिनेमात काम देते, त्यात डोंगर व्हायचं आहे. पायरीवरच्या मंडळींना माझा रामराम सांगा. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना म्हणावं, तुमची नक्कल इथे फार चालते. मामीला नमस्कार सांगायची गरज नाही, तीच वाचतेय.

तुमचा आज्ञाधारक (हसू नका, मशीनचा धागा तुटेल)
भाचा

ता. क. : सिनेमा तुमच्या गावात लागला तर तुम्ही जाणारच, मामीला न सांगता. (आता तिला कळलंच.) खिडकीतला प्रसंग आला की दचकू नका. तोंड हिरोसाहेबांचं आहे, चष्मा पुसणं तुमचं. आणि कृपा करून पायरीवरच्या कोणाला शेजारी बसवू नका, ते ओळखतील आणि थिएटरात ओरडतील.

दुसरा ता. क. : आता पुतळ्याचं. मामा, तो पुतळा रद्द करा. मुंडक्यासकट असला तरी तो मुंडक्याने करणार काय? पगार घेऊन पुतळा होण्याचा अनुभव असलेला माणूस तुमच्या घरात असताना बाहेरचा पुतळा आणायचा म्हणजे कोंबडी घरात आणि अंडी बाजारातून! मला खिडकीजवळ उभं करा. मला मुंडकं आहे, उंची हिरोची आहे, कोट अंगाला बसतो. पुतळा काजं करत नाही, मी करतो. पुतळा ‘बसा, पाणी घेता?’ म्हणत नाही, मी म्हणेन. फक्त माझं मशीन माळ्यावर टाकू नका, तेवढं तिथेच राहू दे. उभं राहून दमलो की त्याच्यावर बसेन. पायरीही राहू दे, नाहीतर मी आत येणार कुठून? आणि काचेचं म्हणाल तर काचवाल्यांनी उद्घाटनाला बोलावलं तेव्हा त्यांचं काचेचं दार बंद आहे हे तुम्हाला दिसलं नव्हतं आणि तुम्ही हाराच्या फुलांसकट नाकाने त्याच्यावर आपटला होतात. त्या दिवसापासून तुम्ही तो रस्ता ओलांडलेला नाही. तुम्ही म्हणता तत्त्वाचा प्रश्न आहे. असेल. पण आपल्या दाराला काच बसली तर तुम्ही रोज घरातल्या घरात आपटाल.

तिसरा ता. क. : उत्तर लवकर द्या. कारण काचवाल्यांनीही मला बोलावलंय. ते म्हणतात, काचेत जिवंत माणूस उभा केला तर गर्दी हटणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुमचा भाचा तुमच्यासमोर त्यांच्या काचेत उभा, तुम्ही इकडे चष्मा पुसताय, हे मलाच बघवणार नाही.

चौथा ता. क. : मामी, हे फक्त तुझ्यासाठी, मनातल्या मनात वाच. काचवाल्यांनी मला बोलावलं वगैरे काही नाही. मीच त्यांना फोन केला होता, पुतळ्यांचा काय काय त्रास असतो ते विचारायला, म्हणजे मामांना घाबरवता येईल. ते पुतळ्यांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. विचारलं, ‘तुझा मामा पायरी फोडतोय म्हणतात, खरं का?’ मी हो म्हटलं. मग म्हणाले, ‘त्याला सांग, नको फोडू. माझ्या काचेतून बघण्यासारखं तेवढं एकच आहे.’ आणि लगेच म्हणाले, ‘आज ऊन फार आहे हं,’ आणि फोन ठेवून दिला. हे मामांना आत्ता सांगू नकोस. आधी कारागिराला परत पाठवू दे, मशीन जागेवर राहू दे, मी येऊ दे. मग सांग. आणि सांगशील तेव्हा त्यांचा हात धर, नाहीतर धावत रस्ता ओलांडतील आणि पुन्हा त्याच दारावर नाक आपटतील. एक मात्र लक्षात ठेव. तू वाचता वाचता गप्प झालीस की त्यांचं मशीन थांबतं. थांबलं असेल बघ. मान वर करून तुझ्याकडे बघत असतील. तेव्हा चटकन काहीतरी बोल.

ऊन फार आहे म्हण.